परशूचा जिना: एका घराच्या कामाच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधल्या या घराचं काम आजपासून हातात घेतलं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे खळं म्हणजे अंगण, मग लोटा म्हणजे पुढची पडवी, ओटी, माजघर, मागे वळई म्हणजे आतली खोली आणि चुलीची पडवी. माळ्याच्या जागी नंतर काढलेल्या दोन खोल्या. बाहेरून पाहिलं तर या पट्ट्यातल्या कुठल्याही खाऊनपिऊन सुखी घरासारखंच. आत मात्र बसायला जागा शोधावी लागते, इतकी चित्रं. या घरातले आजोबा हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि आयुष्यभर गोळा करत राहिले: रविवर्मा छापखान्याच्या तसबिरी, चित्रकथीची (चित्रं दाखवत सांगायच्या कथांची) सुटी पानं, दशावतारी नाटकांचे कागदी लगद्याचे मुखवटे, सावंतवाडीचे लाखकामाचे पाट, काचेवरची चित्रं. जे विकत मिळालं नाही ते त्यांनी स्वतः काढलं. दारांवर, खिडक्यांच्या फळ्यांवर, पेटाऱ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. न्हाणीघराची एक भिंत फुटक्या कपबश्यांनी मढवली. माजघराच्या तुळईवर दर वर्षी पहिल्या पावसाची तारीख तैलरंगात लिहिली.

घरात आता माई एकट्या असतात, आजोबांच्या थोरल्या कन्या. भाऊ डोंबिवलीला, धाकटी बहीण बेळगावला. दर वर्षीची शाकारणी, वाळवी, पन्हळी हा खर्च तिघांना मिळून झेपेनासा झाला, म्हणून पाच खोल्या पाहुण्यांना द्यायचं भावंडांनी ठरवलं. मला माईंनी सांगितलेलं एवढंच: "हॉटेल कर गो बाय, पण घरातला काय हलवू नको."

हे वाक्य मी कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

४ डिसेंबर

यादीचं काम सुरू. प्रत्येक वस्तूला क्रमांक, पुढून-मागून फोटो, माप, आणि ती कुठल्या खिळ्याला होती त्याची नोंद. क्रमांक पाठीमागच्या लाकडी चौकटीवर मऊ पेन्सिलीने, अगदी हलका. स्टिकर लावायचे नाहीत. त्यांचा चिकटा दमटपणात पाझरतो आणि डाग पाडतो.

माई खुर्ची घेऊन बसतात आणि प्रत्येक वस्तूची हकीकत सांगतात. ही सरस्वती पायलीभर उकड्या तांदळांच्या बदल्यात. हा मुखवटा नाटकमंडळी पावसाळ्यात गावी परतताना ठेवून गेली, तो कुणी परत न्यायला आलं नाही. ही हकीकतसुद्धा यादीत लिहितो आहोत. किंमत काढायला आलेल्या माणसाला ती लागणार नाही, पण उद्या खोलीत झोपणाऱ्या पाहुण्याला तीच लागेल.

मुंबईच्या एका पुतण्याने तसबिरी विकायचं सुचवलं. त्याला कायदा समजावून सांगितला. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. देशात विकता येते, पण त्या व्यवहारालाही नियम आहेत. शेवटी भावंडांनी आपापसातल्या करारालाच ही यादी जोडायची ठरवली. तिघांच्या सहीशिवाय यादीतली वस्तू घराबाहेर जाणार नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. चित्रं टिकतात ती औषधं-रसायनांच्या आधी अशा कागदावर.

१० जानेवारी २०२४

पश्चिमेची भिंत. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. जांभा सच्छिद्र दगड. तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा या येण्याजाण्याला वाट देतो, सिमेंट देत नाही. मग आत अडकलेलं पाणी मिळेल त्या फटीतून निघतं, सोबत क्षार आणतं, आणि गिलावा फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. या भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरींच्या पाठी पूर्ण काळ्या पडल्या होत्या.

मेस्त्रींनी भिंतीला तळवा लावून पाहिला आणि म्हणाले, "सिमिट लावलास काय पाणी आतच रवता. चुनो लावा माई, पाणी येताही आनि जाताही."

छिन्नीने हाताने सगळं सिमेंट काढतो आहोत. यंत्र लावलं तर चिऱ्याच्या कडा निखळतात. मागच्या अंगणात खड्डा करून चुना भिजत घातला आहे. वाळू, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी मेस्त्री आपल्या हिशेबाने घालतात. गूळ-हिरड्याने चुना चिवट होतो आणि भेगा कमी जातात. वेळ लागेल. भावाचा फोन आला, मार्चपर्यंत होईल का म्हणून. भिंत सुकल्याशिवाय रंग नाही, असं स्पष्ट कळवलं.

ठरलेलं: पश्चिमेच्या भिंतीवर यापुढे कागदाची एकही वस्तू नाही. तिथे लाखेचे पाट आणि तांब्याची भांडी. बाकी सगळ्या चौकटींच्या मागे वरखाली लाकडी ठोकळे, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये वारा खेळेल.

१ फेब्रुवारी

तसबिरी उघडल्या. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. दगडावरची छपाई, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंग लावलं की लक्ष्मीच्या गालावरची कांती असंख्य बारीक ठिपक्यांत विरघळते. एकाच कागदावर इतके रंग एकमेकांशी न चुकता जुळवणारे ते कारागीर कोण होते, हे कुठल्याच तसबिरीवर छापलेलं नाही. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

या घरातल्या काही तसबिरींना बायकांनी सजवलेलं आहे. देवीच्या लुगड्यावर खरी जर, गळ्यात मणी, काठाला टिकल्या. आजोबांच्या आईचं काम, असं माई म्हणतात. शहरातल्या एका चौकट करणाऱ्याने हे सगळं "साफ करून" मूळ छपाई मोकळी करायला सांगितलं होतं. अजिबात नाही. छापखान्यातून हजारो घरांत एकच लक्ष्मी गेली. ही लक्ष्मी या घराची झाली ती त्या सुईमुळे. सुटलेले मणी तेवढे त्याच जागी रेशमाच्या दोऱ्याने टाकले.

काच आणि चित्र यांच्यात जागा राहील अशी आम्लमुक्त पुठ्ठ्याची पट्टी घातली, नाहीतर ओलीने छपाई काचेला चिकटते. उजेडाचंही ठरवलं: कागदावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास, त्याहून जास्त नाही. खिडकीसमोरच्या दोन तसबिरी आतल्या भिंतीवर गेल्या. "काय हलवू नको" या वाक्याला लागलेला हा पहिला धक्का. माईंना दोन्ही तसबिरींचे डाव्या कडेचे उडालेले रंग दाखवले तेव्हा त्यांनीच खिळा कुठे मारायचा ते सांगितलं.

२२ फेब्रुवारी

जिना. या घराचं खरं वैभव हे.

माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याला बारा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांतलं, एक पान. रंग (इस्पिक-बदामसारखा) परशुरामाचा, चिन्ह परशू. खालच्या पायरीवर एक परशू, मग दोन, असे दहापर्यंत. अकराव्यावर प्रधान, बाराव्यावर राजा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. मुघल गंजिफाचे आठ रंग आणि ९६ पानं. सगळी गोल. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वरून लाख.

सावंतवाडीला राजवाड्यात जाऊन आले. हाताने पानं रंगवणारे कारागीर तिथे अजून बसतात. ही कला जवळजवळ बुडाली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध पुंडलिक चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली आणि इतरांना शिकवायची सोय केली, म्हणून आज ती दिसते. राजवाड्याच्या एका भागात आता पाहुणे राहतात आणि त्या खोल्यांतही गंजिफाची नक्षी आहे. तिथे कलेसाठी नव्या भिंती मिळाल्या. आमच्याकडे भिंती आधीच भरलेल्या आहेत, पाहुण्याला जागा करायची आहे.

जिन्याच्या फोटोंवरून एका चिताऱ्याने लगेच सांगितलं की काढणाऱ्याला खेळ येत होता. खेळात निम्म्या रंगांमध्ये आकडा चढता तसा मान चढता, उरलेल्यांमध्ये उलट, एक्का मोठा. आणि दिवसा खेळ मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. मी त्याला वरच्या दोन दारांचे फोटो दाखवले. पूर्वेच्या खोलीच्या दारावर राम, पश्चिमेच्या खोलीच्या दारावर कृष्ण. सकाळचं ऊन रामाच्या खोलीत येतं, संध्याकाळचं कृष्णाच्या. माई लहानपणापासून ही दारं उघडत आल्या. त्यांनाही हे आजच कळलं. त्या बराच वेळ जिन्यातच बसून होत्या.

सातव्या पायरीची फळी वाळवीने गेली तेव्हा कुणीतरी कोरी फळी ठोकली होती. तिच्यावर सात परशू नव्याने काढून घ्यायचे. बाकीच्यांना हात नाही, फक्त कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ. नव्या फळीच्या मागे चिताऱ्याचं नाव आणि साल.

१७ मार्च

नळ, सांडपाणी, वीज. याबद्दल लिहिण्यासारखं थोडं. सगळे नळ उघड्यावरून, तांब्याचे, भिंतीत चर न मारता. मागच्या बाजूने दुसरा जिना, कारण वरच्या खोल्यांना आगीच्या वेळी दुसरी वाट हवीच. जुना जिना उभा आहे, तसाच राहील. ज्यांना गुडघ्याचा त्रास त्यांना खालची खोली.

कपबश्यांच्या भिंतीत एक बशी सैल झाली होती. ती काढली तर मागे चुन्यात आजोबांच्या बोटांचे ठसे. त्यावर बोट न लावता बशी परत बसवली.

८ एप्रिल

खळ्यातलं तुळशीवृंदावन. त्यावरची लाल-पांढरी नक्षी कावीची आहे. गोव्यातल्या आणि कारवार-अंकोल्याकडच्या देवळांवर दिसते तीच. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव (तांबडी माती) मिसळलेला लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार लोखंडाने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग वरून बसत नाही, गिलाव्यातच असतो, म्हणून पावसातही टिकतो. इथे मात्र कुणीतरी त्यावर ऑइलपेंट मारला होता. तो लाकडी पट्टीने थोडा थोडा सोडवतो आहोत. खालून एक मोर निघाला, मग त्याची जोडीदारीण.

५ मे

भावाने मुंबईहून एक सजावटकार बाई पाठवल्या. हुशार आहेत, हात चांगला आहे. त्यांचं म्हणणं, एका खोलीत एकच गोष्ट ठेवावी आणि बाकी भिंती पांढऱ्या सोडाव्या. पाहुण्याच्या डोळ्याला विसावा हवा. विसाव्याचा मुद्दा मला पटला. त्यामुळे पलंगासमोरची भिंत प्रत्येक खोलीत मोकळी ठेवली. पण मुखवट्यांच्या खोलीतून काचेवरचा मारुती आणि जुन्या साबणाची पत्र्याची पाटी काढायला मी नकार दिला. आजोबांनी गणपतीचा मुखवटा, संकासुराची काळी टोपी, मारुती आणि साबणाची पाटी एका ओळीत लावली, कारण त्यांना चारही सारखेच प्रिय होते. ती ओळ मोडली तर वस्तू राहतील, माणूस जाईल.

खोल्यांची नावं ठरली: राम, कृष्ण, बश्यांची, मुखवट्यांची, पोथीची. वातानुकूलन फक्त बश्यांच्या खोलीत. पाहुणा रात्री यंत्र लावतो, सकाळी बंद करून समुद्रावर जातो. त्या चढउताराने कागद आणि लगदा फुगतो-आकसतो आणि रंग सुटतो. चिनी मातीला त्याचं काही नाही.

९ जून

पाऊस लागला. तुळईवरच्या तारखा आजोबांच्या पश्चात थांबल्या होत्या. मेस्त्रींच्या मुलाचं अक्षर चांगलं आहे, माईंनी त्याच्याकडून यंदाची तारीख लिहून घेतली.

२० जुलै

घराची परीक्षा चालू आहे. आर्द्रतामापक सगळ्या खोल्यांत ठेवले आहेत; झड लागली की काटा ९० टक्क्यांच्या वर जातो. ६५-७०च्या वर सतत राहिलं की बुरशीला मोकळं रान. कागदाच्या वस्तू जूनच्या सुरुवातीला उतरवून वळईत नेल्या. ती खोली घराच्या पोटात आहे, बाहेरची एकही भिंत तिला लागत नाही. तिथे आर्द्रता ओढणारं एक यंत्र सतत चालू असतं. पावसाळाभर भिंतींवर रिकामे खिळे दिसतील. पाहुण्यांना हे आधी सांगायचं. ज्याला चित्रं बघायची त्याने दसऱ्यानंतर यावं, ज्याला पाऊस बघायचा त्याने आत्ता.

नवा चुना पाणी पितो आहे आणि सोडतोही आहे. पश्चिमेची भिंत दुपारी उघडीप मिळाली की दोन दिवसांत रंग बदलते. पापुद्रा कुठेही नाही. मेस्त्री रोज येऊन तिला हात लावून जातात.

चुलीबद्दलही निर्णय झाला. मागच्या पडवीतली चूल बंद करून तिथे स्टीलचं स्वयंपाकघर करायचा बेत होता. पण या घराचे वासे आणि रिपा इतकी वर्षं टिकल्या त्या धुराने. धुरावलेल्या लाकडाला भुंगा लवकर शिवत नाही. गॅसचं स्वयंपाकघर शेजारी होईल, चूल रोज पेटेल. पेज, उकडे तांदूळ आणि कुळथाची पिठी चुलीवरच. आगीची काळजी म्हणून चुलीच्या वर पत्र्याचं छत आणि हाताशी वाळूच्या बादल्या.

११ ऑगस्ट

पिंगुळीहून चित्रकथी सांगणारे ठाकर समाजातले एक काका आले. घरातली सुटी पानं त्यांनी ओटीवर मांडली आणि बघता बघता क्रमाला लावली. ती सगळी एकाच पोथीतली नव्हती. रामकथेची पानं दोन वेगळ्या हातांची होती, हे त्यांनी डोळ्यांच्या आकारावरून दाखवलं. पानं पाठीला पाठ चिकटवलेली असतात आणि कथा सांगताना एकेक पान उभं धरून उलटायचं असतं. म्हणजे भिंतीवर टांगायला ती काढलेलीच नाहीत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेचं नाव सगळीकडे पोचलं, पण बरीच पानं आजही चौकटीत घालून विकली जातात.

पोथीच्या खोलीत जुनी पानं उथळ खणांच्या कपाटात सपाट राहतील. त्याच क्रमाने नवी पोथी काका काढून देणार आणि हंगामात महिन्यातून ठरलेल्या रात्री ओटीवर कथा लावणार. त्यांचं मानधन खोलीच्या भाड्यातून वेगळं काढायचं, पाहुणा एक असो की दहा. भावाला हे जरा जड वाटलं. माईंनी फोन घेतला आणि प्रश्न तिथेच मिटला.

३० ऑगस्ट

चतुर्थी ७ सप्टेंबरला. या नोंदीतला प्रश्न मी जानेवारीपासून पुढे ढकलत होते.

माजघरातली गणपतीची भिंत इथल्या प्रथेप्रमाणे दर वर्षी नव्याने रंगते. पांढरा हात द्यायचा आणि त्यावर नवं चित्र. आजोबांनी आयुष्यभर ती रंगवली. त्यांच्या मागे गावातला एक रंगारी रंगवतो. म्हणजे या वरच्या थरांच्या खाली, कोपऱ्यात जिथे रंग उडाला आहे तिथून डोकावणारं निळं, ते आजोबांचं शेवटचं चित्र. धारदार पातीने वरचे थर उतरवून ते उघडं करता येईल. मला ते करता येतं, आणि हात शिवशिवतो. सजावटकार बाई, भाऊ, बेळगावची बहीण, तिघांचंही म्हणणं एकच: उघडं करा, काच लावा, घरातलं ते सगळ्यात मोठं चित्र होईल.

माई म्हणाल्या, "गणपतीची भित दर वर्सा नवी होवक व्हयी. बाबांनीय आपल्याच चित्रावर दर वर्सा चुनो मारल्यानी."

मी माईंच्या बाजूने मत दिलं, आणि ते लेखी दिलं. या घरात आजोबांनी केलेल्या दोन तऱ्हेच्या गोष्टी आहेत. काही त्यांनी ठेवायला केल्या, त्या आपण ठेवायच्या. ही भिंत त्यांनी पुसायला केली होती. ती काचेखाली गेली तर गणपतीला दुसरी भिंत शोधावी लागेल, आणि मग माजघर हे माजघर राहणार नाही, आजोबांचं दालन होईल. पहिल्या पानावरच्या त्या वाक्यातलं "काय हलवू नको" मी आता असं वाचते: या घरात जे चालत आलंय ते चालू राहू दे.

दर वर्षी चुना मारण्याआधी भिंतीचा पूर्ण मापाचा फोटो काढून यादीत जोडायचा, एवढी भर मी घातली. रंगाऱ्याला चुन्यातले आणि खनिज रंग दिले, प्लास्टिक रंग नको म्हणून. यंदा त्याने मोर आणि कमळाचं तळं काढलं आहे.

चतुर्थीपासून विसर्जनापर्यंत पाच खोल्या घरच्यांच्या. त्या दिवसांचं आरक्षण कुठल्याही किमतीला घ्यायचं नाही, हे करारात आलं.

२४ नोव्हेंबर

तसबिरी भिंतींवर परतल्या. पहिले पाहुणे येऊन गेले, कोल्हापूरचं एक कुटुंब. त्यांच्या धाकट्या मुलीने जिना मोजत चढून सातव्या पायरीवरचे परशू "नवे दिसतात" असं सांगितलं. चिताऱ्याला कळवलं. पुढच्या खेपेला लाखेवर एक पिवळट हात देऊ म्हणाला. नको म्हटलं, ती फळी आपोआप जुनी होईल.

राहिलेलं काम: पूर्वेच्या पन्हळीचा उतार कमी पडतो, मे महिन्याच्या शाकारणीत दुरुस्त करायचा. कृष्णाच्या दाराची बिजागरी. न्याहारी-निवास नोंदणीचे कागद पर्यटन कार्यालयात दिले आहेत, पाठपुरावा माईंचा भाचा करेल. काचेवरच्या चित्रांपैकी तीन चित्रांचा रंग मागून सुटतो आहे, ती मी जानेवारीत कामाच्या टेबलावर घेणार. आणि मेस्त्रींचा मुलगा चुन्याचं काम शिकतो म्हणतोय. पुढच्या भिंतीपासून त्याची मजुरी वेगळी लावायची.